नाल्याकडची बाजू

रानडुकरांशी खासगी वैर असलेला माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या नात्यात निघाला. डुकरांचा त्रास असलेली माणसं सातपुड्याच्या पायथ्याला गावोगाव आहेत. चोपड्याहून पुढे कुठल्याही पारावर टेका, चहा यायच्या आत डुकरांचा विषय येतो. पण त्रास वेगळा आणि वैर वेगळं. त्रास कुणाचाही होतो, पावसाचा होतो, वायरमनचा होतो. वैराला ओळख लागते, समोरच्याबद्दल थोडा आदर लागतो आणि मुख्य म्हणजे रोजची उठबस लागते. आमच्या थोरल्या साडूंची डुकरांशी तशी उठबस होती.

थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. सासऱ्यांना मुलगा नव्हता, दोन मुलीच. थोरलीला, म्हणजे आमच्या अक्कांना, त्यांनी घरजावई पाहिला आणि धाकटी मला दिली. मी धुळ्याला कचेरीत. सासरे गेल्यावर जमीन दोघी बहिणींच्या नावावर सारखी झाली. मध्ये एक बांध पडला, तोही नावापुरता. दोन्ही तुकडे साडूच कसत आले. माझ्या वाट्याचा मका, भुईमूग, सणाला केळीचा घड धुळ्याला घरपोच यायचा. त्या बदल्यात मी काय करत होतो ते नीट सांगता येणार नाही. साधारणपणे मान डोलावत होतो. मी मुळात कमी बोलणारा. कचेरीत याला पोक्तपणा म्हणतात, घरी घुमेपणा म्हणतात. त्याचं खरं नाव काय ते या लिहिण्याच्या ओघात येईलच, आणि या वेळी मी ते अडवणार नाही.

गाव साडूंना ‘जवाईबापू’ म्हणतं. डोक्याचे केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी जवाईबापूच. ते स्वतःही गावात जावयासारखेच वागतात; कुणाच्या ओट्यावर बसले तर कडेला बसतात, पाणी दिलं तर अर्धा तांब्या परत करतात. माझ्याशी तर त्यांची अदब विचारू नका. मी धाकटा, तरी मला कायम ‘तुम्ही’, कायम ‘साडूभाऊ’, आणि बोलणं शुद्ध, शाळेच्या पुस्तकातलं. ‘प्रवास सुखाचा झाला ना?’ असं ते एस.टी.तून उतरणाऱ्या माझ्यासारख्या घामाघूम माणसाला विचारत. ही सगळी शुद्धता शेताच्या बांधावर मात्र गळून पडे. तिथे ते आपल्या बोलीत येत. दिवस कलताना नाल्याच्या काठी उभे राहून, पलीकडच्या काटेरी झुडपांकडे तोंड करून ते आदल्या दिवशीच्या नासाडीचा जाब विचारत: “काय वं बायाओन, तुमना घर काही रीतभात शिकाडी शे का नही?” कळपात माद्याच जास्त असतात आणि चालवते ती थोरली मादीच, असं त्यांचं निरीक्षण होतं, म्हणून शिव्यासुद्धा बायामाणसांना शोभेल अशा बेताच्या. खाल्लं त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. “एक ओळ खाल्ली असती तर मी काही बोललो नसतो,” ते मला म्हणाले होते. “भूक आहे, समजू शकतो. पण चार ठिकाणी तोंड घालायचं आणि ताटं आडवी करून ठेवायची, ही काय पंगतीला बसायची पद्धत आहे?”

या वैरापायी त्यांनी केलेले उपाय लिहायचे तर मला रजा टाकावी लागेल. कुणीतरी सांगितलं की माणसाच्या केसांचा वास आला की डुक्कर फिरकत नाही. बांधावर केस पसरायचे, हुंगलं की नाकात जातात. चोपड्याच्या केशकर्तनालयातून साडू पोतंभर केस घेऊन आले. गुण आला नाही. दुसऱ्या कुणी केस तिथेच सोडून दिले असते, पण साडूंनी निष्कर्ष काढला की दोष उपायाचा नसून केसांचा आहे. आपल्याकडच्या माणसांचा वास डुकरांच्या ओळखीचा झालाय. परक्या शहरातले केस पाहिजेत. मला फोन आला. आणि मी, ज्याने उभ्या आयुष्यात न्हाव्याला ‘जरा बारीक’ यापलीकडे काही सांगितलेलं नाही, तो धुळ्यातल्या तीन दुकानांतून केस मागत फिरलो. एस.टी.त ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. अमळनेरच्या अलीकडे पिशवीची गाठ सैल झाली, खिडकीतून वारा आला, आणि पुढच्या बाकावरच्या आजींच्या पदरावर धुळे शहराचा बराच भाग जाऊन बसला. कंडक्टरने विचारलं, “काय आहे हो त्यात?” मी म्हणालो, “केस.” त्याने पुढे काही विचारलं नाही आणि उतरेपर्यंत माझ्याकडे पाहिलंही नाही. साडूंनी मात्र पिशवी उघडून मूठभर केस नाकाशी नेले आणि जाणकारासारखी मान हलवली. “तेल नाही. शहरी आहेत. यांनी काम होईल.” झालं नाही.

मग भोंगा आला. रेकॉर्ड केलेला आवाज दिवस मावळताना शेतात लावून ठेवायचा भोंगा बाजारात मिळतो; त्यात कुत्र्यांचं भुंकणं असतं, वाघाची डरकाळी असते. साडूंना ते पटेना. वाघ इथल्या डुकरांनी पाहिलेला नाही, ते कशाला घाबरतील? ज्याला आपण खरोखर घाबरतो तोच आवाज पाहिजे. म्हणून त्यांनी अक्कांना न सांगता अक्कांचा आवाज भरून घेतला. ते शेतात रमले की अक्का घराच्या मागच्या दारात उभ्या राहून ज्या पट्टीत हाक मारत, ती पट्टी खरंच दहशत बसवणारी होती. पहिले काही दिवस डुकरं आलीच नाहीत. साडू खूश. मग यायला लागली. मग वेळेवर यायला लागली. मग तर भोंगा लावला की नाल्यातून खुसफुस ऐकू येऊ लागली. कारण सरळ होतं, फक्त साडूंच्या लक्षात आलं नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये अक्का ओरडत होत्या, “या आता! जेवायला वाढलंय! गार होतंय!” डुकरांना शब्द कळले असतील असं मी म्हणत नाही, भोंगा वाजला की राखणीला कुणी नसतं, मका मोकळा असतो, एवढं त्यांनी ताडलं. अक्कांना हे कळलं त्या दिवशी मी नशिबाने धुळ्याला होतो.

यातून उरलं ते साड्यांचं कुंपण. जुन्या साड्या खांबाखांबाला बांधून शेताभोवती पडदा करायचा. वाऱ्याने हलतो, डुक्कर बिचकतं. हा उपाय आमच्या भागात घरोघर आहे. पण साडूंनी त्याचा जो समारंभ केला तो कुठेच नसेल. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झाडांना झोके बांधले जातात, गाणी होतात, आंब्याचा रस होतो, आणि लेकींना साडी होते. साडूंनी नियम काढला: नवी घ्या, जुनी द्या. घराण्यातल्या आत्या, मावश्या, चुलतबहिणी आखाजीला येताना एकेक जुनं लुगडं घडी करून आणू लागल्या. मृगाच्या आधी कुंपण उभं राही. आणि इथे एक अडचण उभी राहिली, जी डुकरांच्या बाबतीत कृषी खात्याने कधी लक्षात घेतली नसावी. कुंपणाला मानपान असतो.

रस्त्याकडची बाजू चांगली, कारण येणारा-जाणारा पाहतो. नाल्याकडची बाजू हलकी, कारण डुकरं तिकडून येतात, चिखल लागतो, काट्यात अडकून फाटते. सासूबाईंची इरकल साहजिकच फाटकाजवळ पहिली. तिच्या शेजारी थोरल्या आत्यांची. मग कुणाची कुठे यावरून आखाजीच्या पंगतीत तोंडं फुगू लागली. एक चुलतबहीण आपली साडी नाल्याकडे पाहून न जेवता परत निघाली होती. साडूंनी धावत जाऊन ती काढली, पाटाकडे बांधली आणि मगच त्या जेवल्या. नाल्याकडे शेवटी धाकट्यांच्या साड्या गेल्या. त्यात धाकटी म्हणजे माझी बायको.

इथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. एका आखाजीला बायको आधीच माहेरी गेली होती आणि मी मागून निघणार होतो. तिने फोनवर सांगितलं, “कपाटात खालच्या कप्प्यात जुनी साडी काढून ठेवलीये, दाजींसाठी ती आणा.” मी खालच्या कप्प्यातून आणली. कप्पा बरोबर होता, साडी चुकली. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका हसतखिदळत कुंपण पाहायला गेल्या आणि माझी बायको नाल्याकडच्या कोपऱ्यात एकदम थांबली. तिथे तिचा लग्नातला शालू वाऱ्यावर हलत होता. जांभळा, जरीच्या कोयऱ्यांचा. मी त्या शालूशेजारी तासनतास बसून लग्न लावून घेतलेलं होतं आणि मला तो ओळखू आला नव्हता. माझा चेहरा पाहून साडू पुढे आले आणि अतिशय शुद्ध मराठीत म्हणाले, “ताई, चूक माझी. साडूभाऊ नको म्हणत होते, मीच आग्रह केला. जरीची चमक लांबून दिसते, म्हणून.” बायको बराच वेळ शालूकडे पाहत राहिली. काढून देतो म्हणाले तर नको म्हणाली. “डुकरांनी पाहिला आता. राहू द्या तिथंच.” ती तेव्हा साडूंवर रागावली होती आणि मी ते रागावणं त्यांच्यावरच राहू दिलं. परतीच्या वाटेवर मी खिडकीबाहेर नांगरलेली रानं बघत होतो.

साडूंचं म्हणणं असं की भांडण ही दोघांतली गोष्ट आहे. त्यांच्या शेजारच्या शेताचे आबा आणि ते पाण्याच्या पाळीवरून रोज भांडत. भांडून झालं की आबा विडी काढत, साडू थर्मासमधला चहा ओतत, आणि दोघं एकाच बांधावर तोंडं विरुद्ध दिशेला करून बसत. “ज्याच्याशी भांडतो तो आपला,” साडू म्हणायचे. “भांडणात तिसरा आला की मग ते भांडण राहत नाही, केस होते.”

मग एका पावसाळ्यात मका दाण्यात आला असताना आबांना डुकराने उडवलं. सकाळी ते मोटार चालू करायला गेले होते. मक्यात नर बसलेला होता आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. मांडी फाटली. जळगावच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून आबा काठी टेकत परत आले, आणि गावात वेगळी भाषा सुरू झाली. वनखात्याची परवानगी काढून बंदूकवाले बोलवायचे. दसऱ्यानंतर ग्रामसभा ठरली. ज्यांच्या ज्यांच्या नावावर जमीन त्यांनी यायचं, म्हणून बायकोच्या वतीने मी गेलो.

सभेच्या सकाळी साडूंनी मला केळीच्या बागेत नेलं. डुकरांनी उकरलेले दोन कंद दाखवले, आणि कधी नाही ते माझा हात धरला. “साडूभाऊ, मी आज विरोध करणार. पण माझं बोलणं लोक हसण्यावारी नेतात. मी केसवाला, भोंगेवाला. तुम्ही साहेब माणूस. तुम्ही दोन वाक्यं बोललात तर ऐकतील. बोलाल?”

मी म्हणालो, “बोलेन.”

शाळेच्या पटांगणात सभा भरली. वनरक्षक आले होते; त्यांनी नियम सांगितले, की परवानाधारक माणूस लागतो, अमुक हद्दीतच, आणि मेलेलं जनावर पंचनामा करून पुरायचं. पुरायचं म्हटल्यावर मागच्या बाजूच्या काही तरुणांचा उत्साह लगेच निम्मा झाला. साडू उभे राहिले. त्यांनी मुद्दा मांडला तो वाईट नव्हता: थोरली मेली की कळप फुटतो, आज एका वाटेने येतात, उद्या चार वाटांनी येतील. वनरक्षकाने होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण मग साडूंना राहवलं नाही. “आणि माझं त्यांच्याशी भांडण चालू आहे,” ते म्हणाले, “मधेच बाहेरचा माणूस आणून ते संपवायचं, हे मला पटत नाही.” सभा हसली. मोठ्याने, मोकळेपणी, मनात वाईट हेतू न ठेवता हसली. मागून कुणीतरी ओरडलं, “जवाईबापू, भोंगा लावा भोंगा!”

आबा उठले. हसणं आपोआप थांबलं. आबा साडूंकडेच पाहून बोलले, बांधावर बोलत तसे. “जवाईबापू, तुमनं भांडण तुमले लखलाभ. मना मांडीले टाका पडनात. ते बी जाऊ द्या, मी म्हातारा शे. उद्या मनी सून निंदाले गयी आनि तिले काही व्हयनं, मंग मी कोनाशी भांडू?”

साडू उभेच होते, खाली बसायचं विसरले होते. तेवढ्यात सरपंच म्हणाले, “धुळ्याचे पाव्हणे काय म्हणतात?” सगळं पटांगण माझ्याकडे वळलं. साडूही वळले. त्यांच्या चेहऱ्यावर, कसं सांगू, एस.टी.तून उतरणाऱ्या माणसाकडे बघतात तसं स्वागत होतं.

मी म्हणालो, “बहुमत जे ठरवेल ते.”

आणि हात वर करायला सांगितल्यावर हात वर केला.

लोक समजतात की मी त्या दिवशी घाबरलो. बायकोही तसंच समजते, आणि मी तिला समजू दिलं. खरं ते असं नाही. मला शिकार हवी होती. आबांचं म्हणणं मला सोळा आणे पटलं होतं, सकाळी केळीच्या बागेत ‘बोलेन’ म्हणतानाही पटलेलंच होतं. मी उभा राहून ‘साडूभाऊ, माफ करा, तुमचं चुकतंय’ एवढं म्हणालो असतो तर एक माणूस दुसऱ्या माणसाशी बोलला असं झालं असतं. मला शिकार हवी होती, पण ती मी मागितली असं कुणी म्हणायला नको होतं. घुमेपणाचं खरं नाव हे आहे.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी बंदूकवाले जीपमधून आले. कळप दिवसा नाल्यातल्या झुडपात बसतो हे सगळ्यांना माहीत होतं. पोरं डबे आणि डफ घेऊन वरच्या अंगाला गेली. साडू रुसून घरी बसतील अशी गावाची अटकळ होती. ते आले. आधी त्यांनी पाहुण्यांना चहा दिला, कारण पाहुणे ते पाहुणे. मग कुंपणाकडे गेले आणि साड्या सोडायला लागले. कुणीतरी विचारलं, “हे काय?” तर म्हणाले, “बायामाणसांच्या पुढ्यात गोळी चालवू नये.” यावरही लोक हसले. साडूंनी मानाप्रमाणे सुरुवात केली. आधी सासूबाईंची इरकल सोडली, घडी केली, खांद्यावर टाकली. मग थोरल्या आत्यांची. पावसाने, उन्हाने गाठी आवळलेल्या. एकेक गाठ दातांनी सोडवत होते. मी रस्त्यावर लोकांत उभा होतो. त्यांच्यापासून माझ्यापर्यंत हाकेइतकंही अंतर नव्हतं. एकेका साडीला दोन हात आणखी लागले असते तर काम वेळेत झालं असतं, हे मला दिसत होतं. मी गेलो नाही. सभेत ज्याच्या विरोधात हात वर केला त्याच्या शेजारी त्याच हाताने गाठी कशा सोडायच्या, असं काहीतरी मनात होतं. डबे वाजायला लागले. साडू पाटाकडच्या बाजूला पोचले होते. धाकट्यांच्या साड्या, नाल्याकडच्या, अजून तशाच होत्या.

मोठा नर निसटला. तो कुंपणातून आबांच्या शेतात आणि तिथून डोंगराकडे गेला. दोन पिल्लं लागली आणि एक मादी. साडूंनी जवळ जाऊन मादीच्या फाटक्या कानाकडे पाहिलं आणि थोरली हीच असं सांगितलं. रडलेबिडले नाहीत. वनरक्षकाला फक्त म्हणाले, “खड्डा खोल घ्या. कुत्री उकरतील.” मग माझ्याकडे आले आणि नेहमीसारखं विचारलं, “साडूभाऊ, जेवूनच जाल ना?”

मी जेवून गेलो. कळण्याची भाकरी होती, वांग्याचं भरीत होतं.

शिकारीने काही साधलं नाही, असं लिहिलं तर लिखाण गोड होईल, पण ते खोटं ठरेल. आबांचा हरभरा त्या वर्षी अखंड आला. त्यांची सून निर्धास्त शेतात जाऊ लागली. कळप फिरकला नाही. फक्त साडू रिकामे झाले. संध्याकाळी सवयीने नाल्यापर्यंत जात, उभे राहत आणि काही न बोलता परत येत. अक्कांनी एकदा मला फोन केला, “अहो, हे हल्ली पहिल्या हाकेला जेवायला येतात. बरं नसेल का?” पुढच्या आखाजीला त्यांनी कुणाकडे साडी मागितली नाही. बायका घड्या घेऊन आल्या होत्या. त्या तशाच घेऊन परत गेल्या. आबांशीही भांडण होईना. आबा मुद्दाम पाण्याची पाळी मोडत, साडू म्हणत, “घ्या आबा, तुमचंच आहे,” आणि आबा हताश होऊन विडी विझवत.

मग पुढच्या पावसाळ्यात, मका पुन्हा दाण्यात आला तेव्हा, मला कचेरीत फोन आला. पलीकडून साडू जवळजवळ ओरडत होते: “साडूभाऊ, उन्यात! बठ्ठ्या उन्यात! नवी थोरली शे!” मग एकदम थांबले आणि आवाज सावरून म्हणाले, “म्हणजे, सगळ्या परत आल्या आहेत. नुकसान बरंच आहे. आपल्या वाट्याचंही.” आबांनी त्याच आठवड्यात पुन्हा बंदूकवाल्यांचा विषय काढला, साडूंनी पुन्हा विरोध केला, आणि दोघं पुन्हा एका बांधावर पाठमोरे बसू लागले. गावात अजून तो वाद चालू आहे. दोघांचंही बरोबर आहे, आणि ज्याला हे कळतं त्याने निदान एकाशी तरी भांडलं पाहिजे.

या आखाजीला मी साड्या घेऊन गेलो. बायकोला विचारून, एकेक दाखवून. कुंपणाचं काम चालू होतं. साडूंना आता लांबचं नीट दिसत नाही, खाली बसलं की उठायला खांब लागतो. नाल्याच्या कोपऱ्यात तो शालू अजून होता. जांभळा रंग उडून राखी झालेला, जर काळी पडलेली, आणि साधारण छातीच्या उंचीला एक भोक. शिकारीच्या सकाळी नाल्यातून वर आलेली एक गोळी त्यातून गेली होती. काठ जळल्यासारखे कडक. साडू वाकले, त्या भोकाला डोळा लावला आणि पलीकडे पाहत राहिले. “इथून बरं दिसतं,” म्हणाले. “आजूबाजूचं काही मध्ये येत नाही.”

मी त्यांच्या पाठीशी उभा राहून बोललो. सरळ बोललो. म्हणालो, “मला शिकार हवी होती. सभेच्या आधीपासून. तुम्हाला बोलेन म्हणालो तेव्हाही.”

ते भोकाला डोळा लावूनच होते. “माहीत आहे,” म्हणाले. “तेव्हा म्हणाला असतात तर तुमच्याशी भांडलो असतो. चांगला भांडलो असतो. आबांशी भांडतो तसा.” आणि सरळ झाले, गुडघा दाबत. “एवढ्या वर्षांत आपलं कधी भांडणच झालं नाही, साडूभाऊ. मला वाटायचं, साहेब माणूस, याला आपल्याशी भांडायला कमीपणा वाटत असेल.”

मी आणलेली हिरवी साडी पिशवीतून काढली आणि शालूच्या शेजारच्या खांबाला बांधायला लागलो. वारा होता. मी एक टोक बांधलं, दुसऱ्या खांबाकडे गेलो, तेवढ्यात पहिलं टोक सुटून साडी नाल्यात उतरली आणि काट्यांवर पसरली. मी तिच्यामागे खाली उतरलो. वरून आवाज आला, मोठ्याने, सगळी अदब सोडून, त्या बोलीत, जी त्यांनी माझ्यावर ओरडायला आजवर कधी वापरली नव्हती:

“काय रे साडू! हाई काय गाठ शे? तुमना घर काही रीतभात शिकाडी शे का नही?”

मी काट्यांत उभा राहून साडी सोडवत राहिलो. वर यायची मला घाई नव्हती.